नाव उरलं की झाड?

'नामशेष' हा शब्द आपण फार सैल वापरतो. फोड केली तर अर्थ सरळ आहे: ज्याचं फक्त नाव उरलं ते. म्हणून 'नामशेष झाड पुन्हा सापडलं' अशी बातमी फोनवर आली की मी अडखळते.

केरळचंच घ्या. 1835 मध्ये कंपनी सरकारचा डॉक्टर रॉबर्ट वाइट याने आपल्या मोहाच्या कुळातल्या एका झाडाचे नमुने गोळा केले: मधुका डिप्लोस्टेमॉन. पुढे जवळजवळ 185 वर्षं त्याची नोंद नाही. 2020 मध्ये ते कोल्लम जिल्ह्यात, परवूरच्या एका देवराईत ओळखू आलं. आधी त्याला दुसऱ्याच मधुकाचं नाव चिकटलं होतं.

म्हणजे झाड जागेवरच होतं, हरवलं होतं ते नाव. नामशेषच्या नेमकं उलट! पण मी वाचलेल्या बातम्यांत नायक शास्त्रज्ञ, शेवट शोधाचा, आणि देवराई नुसतं नेपथ्य. शास्त्रज्ञांचं श्रेय मोठंच आहे. नाव लागल्याशिवाय झाडाला संरक्षण मिळत नाही. पण देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे लोक गोष्टीतून गळले, तर गोष्ट अर्धीच राहते. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ यांनी वर्तकांसोबत महाराष्ट्रातल्या देवराया नोंदवल्या, तेव्हा झाडांइतकंच हे राखणंही मोलाचं मानलं.

ऑस्ट्रेलियातल्या वोलेमी पाइनची गोष्ट म्हणूनच मला जास्त पटते. 1994 मध्ये डेव्हिड नोबल यांना ही झाडं एका दरीत दिसली. जागा गुप्त ठेवली गेली. 2019-20 च्या वणव्यात खास मोहीम काढून ती वाचवली. तिथे सापडणं हा शेवट नाही. जबाबदारी तिथून सुरू होते.

मी चाकणला राहते. कंपनीच्या बसमधून रोज म्हाळुंगेची पाटी दिसते. म्हाळुंग म्हणजे जाड सालीचं, भलंमोठं लिंबू. कंटेनरच्या रांगेत इतकी वर्षं अडकूनही मला तिथे एकही म्हाळुंग दिसलेलं नाही. पुढे चिंचवड: नावातच चिंच आणि वड. ही झाडं जगातून गेलेली नाहीत. पण माझ्या रोजच्या रस्त्यावर म्हाळुंगाचं नावच तेवढं उरलंय, आणि त्याची बातमी होत नाही.

पुढच्या वेळी 'सापडलं' वाचलंत, तर एक विचारा: इतकी वर्षं ते राखलं कुणी?