वास्पची ती प्रसिद्ध आकृती अर्धीच आहे

वास्प या प्रोटीनची आकृती तुम्ही सेल बायोलॉजीच्या पुस्तकात बघितली असणार. प्रोटीन स्वतःवरच दुमडून बसलंय. सीडीसी-४२ येतं, त्याला उघडतं. मोकळी झालेली शेपटी एआरपी-२/३ ला धरते आणि ॲक्टिनच्या तंतूला नवी फांदी फुटते. एम.एस्सी.ला ही आकृती पाठ करून मी मार्क मिळवले, आणि पुढं जर्नल क्लबमध्ये तीच फळ्यावर काढून तोंडघशी पडले. सरांनी एवढंच विचारलं, "मग विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या मुलांमध्ये नेमकं काय बिघडतं?" मी म्हटलं, "वास्प उघडत नसेल." बहुतेक मुलांच्या बाबतीत हे उत्तर चूक आहे.

आकृतीचा मोठा आधार म्हणजे किम, रोझेन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा 'नेचर'मधला पेपर. पेपर देखणा आहे, वाचाच. पण मेथड्स वगळू नका. वास्पमध्ये ५०२ ॲमिनो ॲसिड आहेत. एनएमआरनं बंद रचना काढली ती मधला सीडीसी-४२ ला धरणारा भाग आणि शेपटीचा एक तुकडा एका छोट्या लवचिक दुव्यानं जोडून. म्हणजे जेमतेम शंभरेक ॲमिनो ॲसिडची. प्रोटीनचं डोकं, डब्ल्यूएच-१, त्यात नाहीच. यात लेखकांना दोष देता येत नाही. त्यांना दुमडण्याचं कोडं सोडवायचं होतं, ते त्यांनी सोडवलं. माझी तक्रार पुढं झालेल्या वापराबद्दल आहे: तुकड्यांची रचना अख्ख्या प्रोटीनची गोष्ट म्हणून शिकवली जाते.

आता आजाराकडे या. म्युनिकच्या विस्कॉट यांनी १९३७ मध्ये तीन भावांचं वर्णन केलं: एक्झिमा, रक्तस्राव, वारंवार संसर्ग. जनुक सापडलं १९९४ मध्ये. एकच ॲमिनो ॲसिड बदलणारी म्युटेशन्स गोळा केली तर ती सर्वांत जास्त डब्ल्यूएच-१ मध्येच दिसतात, म्हणजे आकृतीतून गायब असलेल्या डोक्यात! तिथं डब्ल्यूआयपी नावाचं दुसरं प्रोटीन बसतं आणि वास्पला विघटनापासून वाचवतं. पकड सुटली की वास्प तुटून जातं. उघडायला काही उरतच नाही. २०१२ मध्ये तर असं एक बाळ नोंदवलं गेलं, ज्याचं वास्पचं जनुक ठीक, आरएनए ठीक, पण डब्ल्यूआयपी नाही. म्हणून वास्पही नाही.

मग आकृती कुचकामी का? मुळीच नाही. २००१ मध्ये एका बेल्जियन कुटुंबात २७० व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन सापडलं, अगदी दुमडणाऱ्या भागात. वास्प कायम उघडं. या मुलांना एक्झिमा नाही, प्लेटलेट कमी नाहीत; न्यूट्रोफिल मात्र धोकादायक इतके कमी. ॲक्टिन जास्त जोडलं गेलं तरी आजार होतो, हे या आकृतीशिवाय कळलंच नसतं.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. प्लेटलेट कमी असलेल्या लहान मुलावर आयटीपीचा शिक्का चटकन बसतो. आयटीपीत प्लेटलेट आकारानं नेहमीएवढ्या किंवा मोठ्या असतात, विस्कॉट-ऑल्ड्रिचमध्ये लहान. कोल्हापुरातल्या साध्या लॅबच्या सीबीसी रिपोर्टवरही एमपीव्ही छापलेला असतो. तो बघायला वेगळा खर्च नाही. संशय आला तर मुंबईत परळला, केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्यूनोहिमॅटॉलॉजी आहे; प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांचं निदान तिथं होतं. या आजारात फ्लो सायटोमेट्रीनं पेशीत वास्प किती आहे ते मोजतात. डोक्यात बिघाड असलेलं मूल तिथं बहुधा सापडतं. २७० वालं मूल मात्र त्या चाचणीतून निसटू शकतं, कारण त्याच्या पेशीत वास्प भरपूर असतं. त्याच्यासाठी जनुकाचा क्रमच वाचावा लागतो.