नेत्रजेलांच्या प्रवाहगुणांचे मूल्यमापन : खान्देशातील उन्हाळ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

डोळ्यात टाकलेल्या औषधाच्या थेंबाचे आकारमान साधारणतः 40 ते 50 मायक्रोलिटर असते. खालच्या पापणीआड मात्र जेमतेम 30 मायक्रोलिटर द्रव मावतो. उरलेले औषध गालावर ओघळते किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरते. परिणामी नेत्रगोलाच्या आत बहुधा 5 टक्क्यांहूनही कमी औषध पोहोचते. यावर उपाय म्हणून बाटलीत द्रव राहणारी आणि डोळ्यात पडताच घट्ट होणारी जेल विकसित झाली. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये हा विषय लोकप्रिय आहे. तथापि त्याच्या मूल्यमापनाची प्रचलित पद्धत तपासून पाहणे आवश्यक ठरते.

एका आकड्याची मर्यादा

अनेक प्रकल्पांत ब्रुकफिल्ड व्हिस्कोमीटरवर, खोलीच्या तापमानाला मोजलेली श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, हाच गुणवत्तेचा निकष मानला जातो. प्रत्यक्षात डोळा उघडा असताना जेलवर नगण्य ताण असतो, तर पापणी मिटताना त्याच्या थरांवरील घर्षणाचा वेग प्रतिसेकंद हजारोंच्या घरात जातो. म्हणून जेल स्थिर असताना घट्ट राहणे व पापणीच्या हालचालीने पातळ होणे, हे दोन्ही गुण त्यात हवेत. केवळ घट्टपणा वाढविल्यास दृष्टी धूसर होते आणि डोळे मिचकावून रुग्ण औषध बाहेर लोटतो. शिवाय अश्रूंत मिसळल्यानंतर जेलचे काय होते, हे एका आकड्यावरून कळत नाही.

तापमानाचे गृहीतक

पोलोक्सामर 407 वर आधारित जेल उष्णतेने गोठते. बाटली 25 अंश सेल्सिअसला असेल आणि डोळ्याचा पृष्ठभाग सुमारे 34 अंशांना, हे त्यामागील गृहीतक होय. जळगाव व धुळे जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो. केळीच्या वा कपाशीच्या शेतावर राबणाऱ्या रुग्णाच्या घरातील बाटली त्याच्या डोळ्याहून अधिक तापलेली असते. म्हणजे औषध डोळ्याऐवजी बाटलीतच गोठण्याची शक्यता असते. बाटली थंड केल्यास ते पुन्हा पातळ होते हे खरे, परंतु ज्या घरी फ्रीज नाही तेथे हा उपाय निरुपयोगी आहे. पोलोक्सामरचे प्रमाण घटविल्यास गोठण्याचे तापमान वाढते, पण मग अश्रूंनी पातळ झालेले औषध डोळ्यात गोठतच नाही. हा पेच केवळ प्रमाण बदलून सुटणारा नाही.

जेलन गम तापमानावर नव्हे, तर अश्रूंतील क्षारांच्या आयनांवर गोठतो. या तत्त्वावरील टिमोलॉलच्या जेलला अमेरिकेत 1993 मध्ये मान्यता मिळाली. काचबिंदूसाठी दिवसातून दोनदा घालावे लागणारे हे औषध त्यामुळे एकदा घालणे पुरेसे ठरले. मजुरीला जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण काचबिंदूत औषध चुकल्याने गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

निष्कर्ष

नेत्रजेलाची श्यानता 25, 34 व 42 अंशांना, कमी-अधिक घर्षणवेगांवर आणि कृत्रिम अश्रुद्रव मिसळून मोजली गेली पाहिजे. ही उपकरणे व द्रव्ये महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची नाहीत. प्रयोगशाळेतील 25 अंश ही सोय आहे. खान्देशातील रुग्णाचे ते वास्तव नव्हे. संशोधनाची कसोटी त्या वास्तवावरच लागली पाहिजे.