शून्य की रिकामं? डेस्कटॉप ॲप्लिकेशनचं पुस्तक निवडताना

मागच्या आठवड्यात सेनगावकडच्या एका एम.एस्सी.च्या मुलीचा मेसेज आला. "ताई, पेट निघाली. आता डेटा भरायला एक छोटं डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायचंय. पुस्तक कोणतं घेऊ? एकच सांगा, दोन घ्यायला पैसे नाहीत."

नाव टाईप करायला घेतलं होतं, पण थांबले. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता, त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि त्यात माझा हळदीचा एक अख्खा हंगाम गेला. म्हणून तिला द्यायचं उत्तर इथे सविस्तर लिहिते. संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

आधी काय झालं ते सांगते. माझा विषय हळदीच्या पानांवरच्या करप्याचा. पानांचे फोटो आणि झाडाची मोजमापं एकत्र करून रोग किती वाढेल याचा अंदाज बांधायचा. प्लॉट वसमत तालुक्यातले, वाण सेलम. शेतात रेंजचा पत्ता नाही, त्यामुळे वेबसाइट किंवा गूगल फॉर्म बाद. जुन्या लॅपटॉपवर नेटशिवाय चालेल असा प्रोग्रॅम हवा होता. पदवीला व्हिज्युअल बेसिक शिकले होते, घरी त्याचं एक जुनं परीक्षेचं पुस्तक पडलेलं होतं. म्हटलं, हेच पुरे. दोन रात्रींत फॉर्म तयार! गाव, तारीख, झाड क्रमांक, उंची, फुटवे, पानं, करपा लागलेली पानं आणि शेवटी काढणीनंतरचं ओल्या कंदाचं वजन. खाली 'सेव्ह'चं हिरवं बटण. मला त्या बटणाचा फार अभिमान होता.

नोंदी भरायला शेतमालक काकांचा बारावीतला मुलगा होता. हुशार पोरगा. "कागदावर लिहायची गरज नाही, थेट यातच भर," असं मीच त्याला ऐटीत सांगितलं होतं.

हळद लागते जूनच्या आसपास आणि काढणी होते जानेवारीनंतर. काढणीच्या वेळी वजनांचा रकाना उघडला तर चांगल्या, टपोऱ्या गड्ड्यांपुढे वजन लिहिलेलं होतं १ ग्रॅम. पोराला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी तर एक हजार दोनशे पन्नास भरलं होतं, मधी स्वल्पविराम देऊन."

तिथून उलगडत गेलं. व्हिज्युअल बेसिकमध्ये 'व्हॅल' नावाचं एक फंक्शन आहे. चौकटीत लिहिलेला मजकूर ते आकड्यात बदलतं. पण ते वाचतं कसं, तर डावीकडून आकडे घेत जातं आणि न समजणारं चिन्ह आलं की तिथेच थांबतं. स्वल्पविराम त्याला समजत नाही, म्हणून १,२५० चा झाला १. चौकट रिकामी असेल तर ते मुकाट्याने शून्य देतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मराठी अंक त्याला आकडे वाटतच नाहीत. गावाचं नाव लिहायला पोरगा कळफलक मराठीवर न्यायचा आणि कधीकधी परत इंग्रजीवर आणायला विसरायचा. पडद्यावर '१२' दिसायचं, फाइलमध्ये शून्य जायचं. एकही एरर नाही, एकही सूचना नाही. हिरवं बटण 'रेकॉर्ड सेव्ह्ड' म्हणत राहिलं.

आता माझ्या फाइलमध्ये शून्य फुटवे म्हणजे नेमकं काय? झाडाला खरंच फुटवा नाही? झाड कंदकुजीने मेलं? त्या दिवशी पाऊस होता म्हणून मोजलंच नाही? की मराठी अंकात बारा लिहिले होते? चारही गोष्टींची नोंद एकच, शून्य. कागद नव्हता, त्यामुळे मागे जाऊन तपासायलाही काही उरलं नव्हतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं दिलीत. हळद वर्षातून एकदाच येते. हिशोब तुम्हीच करा.

दोष माझाच, यात वाद नाही. पण मी 'व्हॅल' कुठून उचललं? त्या पुस्तकातून. त्यात जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ते होतं: बेरीज-वजाबाकी, व्याजाचा हिशोब, विद्यार्थ्याची टक्केवारी. प्रत्येक धड्यात एक कंट्रोल, त्याच्या प्रॉपर्टींचा तक्ता, एक छोटा प्रोग्रॅम, मग व्हायव्हाचे प्रश्न. परीक्षेला ते पुस्तक उत्तम होतं, त्याच्यावरच मी पास झाले, त्याला शिव्या घालणार नाही. मात्र त्या पुस्तकातला वापरकर्ता नेहमी बरोबर आकडाच भरतो. तो कधी दमत नाही, त्याचे हात चिखलाचे नसतात, त्याचा कळफलक चुकून मराठीवर राहत नाही. असा माणूस मला अजून हिंगोली जिल्ह्यात भेटलेला नाही.

पुस्तक निवडताना आपण सहसा विचारतो, "भाषा कोणती?" पायथन की जावा की सी शार्प? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, "नवीन आहे का?" हा दुसरा प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याच्या मागे फार धावू नका. 'हेड फर्स्ट सी शार्प' हे स्टेलमन आणि ग्रीन यांचं लोकप्रिय पुस्तक बघा. २००७ च्या पहिल्या आवृत्तीत विंडोज फॉर्म्स होतं. २०१३ ची तिसरी आवृत्ती विंडोज ८ च्या स्टोअर ॲप्सकडे वळली. ती लाट ओसरली आणि २०२० च्या चौथ्या आवृत्तीत डब्ल्यूपीएफ आलं. पुस्तक तेच, लेखक तेच, खिडकी बनवायची पद्धत मात्र बदलत गेली. म्हणजे नवं कोरं पुस्तक घेतलं तरी त्यातली बटणं बनवायची रीत तुमचा प्रबंध जमा होईपर्यंत जुनी झालेली असू शकते. टिकतं ते वेगळंच काहीतरी.

ते वेगळं काय, हे कळायला दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघू. दोन्ही पायथनची.

पहिलं मार्क समरफील्डचं 'रॅपिड जीयूआय प्रोग्रॅमिंग विथ पायथन अँड क्यूटी', २००७ चं. जुने जाणकार अजून याचं नाव घेतात, आणि त्याला कारण आहे. खिडक्यांच्या प्रोग्रॅमिंगची सुरुवात हा माणूस तीन छोट्या प्रोग्रॅमनी करतो: ठरल्या वेळी निरोप दाखवणारा, गणिती राशी सोडवणारा आणि चलनांचा भाव काढणारा. तिन्ही मिळून सव्वाशेच्या आसपास ओळी, पण घटना, सिग्नल, मांडणी या तिन्ही कल्पना डोक्यात बसतात. डायलॉगवरचं प्रकरण तर मला फारच आवडलं. साधे, तयार आणि हुशार अशी डायलॉगांची विभागणी करून कुठे कोणता वापरायचा हे तो सांगतो. चूक एकेका चौकटीत पकडायची की पूर्ण फॉर्म भरल्यावर, याचाही तिथे विचार आहे. प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय आहेत आणि ते खरोखर करण्यासारखे आहेत.

पण आज नव्या मुलीच्या हातात हे देऊ का? नाही. त्यातलं पायथन दोनच्या काळातलं आहे, आणि पायथन दोनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. सिग्नल जोडण्याची त्यातली पद्धत २०१३ च्या पायक्यूटी ५ मधून काढून टाकली गेली. म्हणजे पहिल्याच आठवड्यात प्रत्येक उदाहरण दुरुस्त करत बसावं लागेल. ज्याला थोडं येतं त्याच्यासाठी ती दुरुस्ती हाच चांगला अभ्यास ठरेल. ज्याला काहीच येत नाही तो तिसऱ्या दिवशी पुस्तक ठेवून देईल. ग्रंथालयात मिळालं तर डायलॉगचं प्रकरण मात्र नक्की वाचा, कोड न चालवता, नुसतं वाचा.

दुसरं ॲलन मूरचं 'पायथन जीयूआय प्रोग्रॅमिंग विथ टीकिंटर'. पॅक्टने काढलेलं, पहिली आवृत्ती २०१८, दुसरी २०२१. याची भाषा समरफील्डइतकी नेमकी नाही. काही ठिकाणी कोडची पानंच्या पानं येतात आणि आपण कुठे आहोत हेच विसरायला होतं. टीकिंटरच्या खिडक्या दिसायलाही जरा गावठीच. तरी त्या मुलीला मी हेच सांगणार आहे. का, ते ऐका.

या पुस्तकात शंभर सुटी उदाहरणं नाहीत. अगदी सुरुवातीची ओळख झाली की पुढे जवळपास एकच प्रकल्प चालतो: एका काल्पनिक कृषी प्रयोगशाळेसाठी नोंदी भरण्याचा प्रोग्रॅम. प्लॉट, बियाण्याचा नमुना, आर्द्रता, तापमान, झाडांची संख्या, उंची. मी पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा हसूच आलं. अरे, ही तर माझी वही! आणि लेखक कोडपासून सुरुवात करत नाही. आधी तिथल्या लोकांना काय अडचण आहे, कोण नोंदी भरतो, कोण वापरतो, कोणत्या रकान्यात काय चालेल आणि काय नाही, हे सगळं लिहून काढतो. मग खिडकी. पुढे एक पूर्ण प्रकरण फक्त चुका कमी करण्यावर आहे. चौकट चुकीची भरली तर तिथेच खाली सूचना दिसते, आणि चुका असतील तोवर नोंद सेव्ह होत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक बारीक गोष्ट. त्या फॉर्ममध्ये 'उपकरण बिघडलं' अशी एक टिकमार्कची चौकट आहे. तिच्यावर खूण केली की आर्द्रता, तापमान वगैरे चौकटी बंद होतात आणि रिकाम्याच राहतात. म्हणजे 'मोजलं आणि शून्य आलं' आणि 'मोजताच आलं नाही' या दोन गोष्टी फाइलमध्येही वेगळ्या राहतात. माझ्या फॉर्मवर 'झाड मेलं' आणि 'आज मोजलं नाही' अशा दोन चौकटी असत्या तर माझा हंगाम वाचला असता. अक्षरशः दोन चौकटी.

तक्रारीही आहेत. डेटाबेसचं प्रकरण आलं की लेखक पोस्टग्रेसचा सर्व्हर बसवायला लावतो. मोठ्या प्रयोगशाळेला ठीक आहे, पण आपल्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपला ते ओझं कशाला? पायथनसोबत एसक्यूलाइट आयतंच येतं, एका फाइलमध्ये सगळा डेटा राहतो, पेन ड्राइव्हवर रोज उतरवून ठेवता येतो. ते प्रकरण वाचा, पण स्वतःच्या कामाला एसक्यूलाइट वापरा.

आणि मराठी. ही पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नाहीत हे इथे कळतं. लिनक्सवर टीकिंटरच्या चौकटीत जोडाक्षरं अनेकदा सुटी पडतात, 'प्लॉट' वाचवत नाही. विंडोजवर हा त्रास सहसा नाही, आणि क्यूटीमध्ये दोन्हीकडे अक्षरं नीट जुळतात. तुमचा लॅपटॉप लिनक्सचा असेल आणि फॉर्म मराठीतच हवा असेल, तर हा मुद्दा मूरच्या विरोधात जातो, हे लपवत नाही. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर गावांच्या नावांचा कचरा दिसत असेल, तर फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. माझी एक अख्खी दुपार यात गेली होती. एक गंमतही सांगते: पायथनच्या 'इंट'ला मराठी अंकातले '१२' दिले तर ते बरोबर बाराच समजतं, आणि रिकामी चौकट दिली तर शून्य न देता सरळ एरर देतं. पोराच्या त्या सगळ्या नोंदी वाचल्या असत्या. अर्थात एररला कंटाळून 'एरर आली तर शून्य धरा' अशी ओळ तुम्हीच घातली, तर मग पायथन काय करणार? अशा ओळी मी लोकांच्या कोडमध्ये पाहिल्यात.

"एआय असताना पुस्तक कशाला?" असं कुणीतरी विचारणारच. विचारा की त्याला, फॉर्म झटकन मिळेल. पण मेलेल्या झाडासाठी वेगळी चौकट हवी हे त्याला सांगायचं कुणी? ते मला तेव्हा सुचलं नव्हतं, म्हणून तर हे सगळं लिहितेय.

दुकानात किंवा ग्रंथालयात कुठलंही तिसरंच पुस्तक हाती आलं, तर पहिलं पान वाचू नका. ज्या पानावर पहिल्यांदा काहीतरी सेव्ह होतं ते पान शोधा. तिथे वापरकर्त्याने चौकट रिकामी सोडली तर काय होईल हे बोटाने ओळ धरून वाचा. लेखकाने त्याचा विचार केलेला दिसला तर पुढे बघा. नसेल तर कॅल्क्युलेटर आणि नोटपॅड बनवायला शिकाल, आणि ते दोन्ही विंडोजमध्ये आधीच आहेत.

त्या मुलीला रात्री उत्तर पाठवलं: मूरचं घे, पहिली आवृत्ती जुन्यात मिळाली तरी चालेल, प्रकल्प तोच आहे. चुका टाळण्याच्या प्रकरणापर्यंत वाच आणि मग स्वतःच्या फॉर्मची यादी कागदावर करून मला फोटो पाठव. आज सकाळी फोटो आला. सोळा रकाने आहेत. प्रत्येकापुढे तिने एक जास्तीचा रकाना आखलाय: 'मोजलं नसेल तर काय लिहायचं?' त्यातले नऊ अजून कोरे आहेत, त्यावर रविवारी फोनवर बोलायचं ठरलंय.