तहान आणि तण्हा

एका वस्तीतल्या विहारात, वर्षावासाच्या दिवसांत, चार आर्यसत्यांवर प्रवचन चालले होते. प्रवचनकार शिकलेले, तळमळीने बोलणारे. दुःख आहे, दुःखाचे मूळ तृष्णा आहे, म्हणून गरजा कमी करा, दुःख कमी होईल, असा त्यांच्या बोलण्याचा ओघ होता. समोर बसलेल्या बाया बहुतेक धुण्याभांड्याची नाहीतर बांधकामावरची कामे उरकून आलेल्या. त्यांतली एक उठून म्हणाली, "गुरुजी, आमच्यात कमी करण्याजोगं काय हाय, ते तरी सांगा." लोक हसले. प्रवचनकारही हसले आणि पुढच्या सत्याकडे वळले.

तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाबासाहेबांनीही तो विचारला होता. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार शंका मांडल्या आहेत. त्यांतली एक नेमकी आर्यसत्यांविषयी आहे. जन्म दुःख, जगणे दुःख, मरण दुःख आणि पुनर्जन्मही दुःखच असेल, तर माणसाने आशा कशाची धरायची? ही सत्ये मूळ उपदेशातली की मागाहून भिक्षूंनी घातलेली? असे त्यांचे विचारणे आहे. यावर परंपरावादी बौद्ध विद्वान रागावले. आमच्यातल्या काहींनी उलट टोक गाठले आणि तृष्णा हा शब्दच टाकून दिला. दोघांनीही ग्रंथ पुरता वाचला नाही, असे माझे मत आहे.

शंकेच्या ऐतिहासिक बाजूपुरते बोलायचे तर चार सत्ये मागाहून घातली, हे सिद्ध करणे अवघड आहे. सगळ्या निकायांत ती पसरलेली आहेत. पण बाबासाहेबांच्या शंकेचे बळ तिच्या प्राचीनतेवर नाही. दुःख कोणाचे आणि तृष्णा कोणाची, हे तिचे खरे विचारणे आहे.

आता पाली काय म्हणते ते पाहू. दीघनिकायातल्या महानिदान सुत्तात बुद्ध आनंदाला कार्यकारणाची एक साखळी सांगतात. वेदनेतून तण्हा येते. (पालीत वेदना म्हणजे कोणतीही जाणीव, सुखाचीसुद्धा. दलित साहित्याच्या चर्चेत आपण हा शब्द एकाच अर्थाने वापरून गुळगुळीत केला आहे.) तण्हेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून हे माझे, ते तुझे असा निवाडा. निवाड्यातून आसक्ती, आसक्तीतून कवटाळणे, त्यातून परिग्रह म्हणजे मालकी. मालकीतून मच्छरिय, म्हणजे दुसऱ्याला वाटा न देण्याची वृत्ती. आणि तिच्यातून आरक्ख, म्हणजे राखण. राखणीपाशी आल्यावर काठी उचलली जाते, शस्त्र उचलले जाते, भांडण होते, चहाडी होते, खोटे बोलले जाते. या यादीत पालीचा एक शब्द आहे, 'तुवंतुवं'. आपल्याकडच्या अरेतुरेचा हा थोरला भाऊच. अरेतुरे ज्याने जन्मभर ऐकले, त्याला त्याचे भाषांतर लागत नाही.

ही साखळी कोणाच्या घरातून जाते? ज्याच्याकडे राखायला काही आहे, त्याच्या घरातून. ज्याच्या दाराला कडीच नाही, त्याच्या वाट्याला तिचे शेवटचे टोक, म्हणजे काठी, येते. बाबासाहेबांनी हा उतारा आपल्या ग्रंथात घेतला आहे आणि वर्गसंघर्षाची ही अचूक मीमांसा आहे, असे त्याखाली स्पष्ट म्हटले आहे. प्रस्तावनेतली शंका आपण सभांतून सांगतो. तृष्णेवरचे हे पान मात्र कोणी उघडत नाही.

मराठीतला 'तहान' हा शब्द मूळचा हाच. संस्कृत तृष्णा, पाली-प्राकृत तण्हा, मराठी तहान. प्रवचनकारांचा घोटाळा इथेच होतो. घशाची तहान आणि मालकीची तण्हा यांना ते एकाच मापाने मोजतात. महाडचे उदाहरण घ्या. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पाणी आटलेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे त्या तळ्याचे पाणी प्याली आणि त्याच दिवशी त्यांच्यावर लाठ्या चालल्या. मग तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, त्याच वर्षी ठराव मागे घेतला गेला, आणि न्यायालयातले भांडण १९३७ पर्यंत चालले. महानिदान सुत्ताची साखळी मालकीपासून काठीपर्यंत इथे कडीन्कडी दिसते. त्या दिवशी तळ्याकाठी तृष्णा होती, यात शंका नाही. पण ती ओंजळ भरणाऱ्याची होती, असे म्हणायला कोणी धजावेल काय?

पाणी बाबासाहेबांच्या बुद्धचरित्रातही मध्यभागी आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेले भांडण त्यांनी तिच्या जागी ठेवले. त्यांच्या आधी धर्मानंद कोसंबींनीही चार दृश्यांची कथा बाजूला सारून सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे बोट दाखवले होते. थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी माणसे पाहून भय वाटले, असे तिथे बुद्धच सांगतात. बाबासाहेब मात्र आणखी पुढे जातात. राष्ट्रांमधली युद्धे अधूनमधून होतात, वर्गावर्गांतला झगडा नित्याचा असतो आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, असा विचार त्यांचा सिद्धार्थ करतो. २० नोव्हेंबर १९५६ च्या काठमांडूच्या भाषणात तर दुःख हा शब्द बौद्ध वाङ्मयात अनेक ठिकाणी दारिद्र्य या अर्थाने आला आहे, असे ते म्हणाले. हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातला राजा रक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनाला धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि हत्या, असा क्रम तिथे सरळ मांडला आहे.

राहता राहिले पूर्वकर्म. आजही आमच्या घरांत 'मागच्या जन्मीचं भोग' असे सहज बोलले जाते, आणि हल्ली ते धम्माच्या नावाने बोलले जाते. बुद्धांना मोलियसीवकाने विचारले, सगळे सुखदुःख पूर्वी केलेल्या कर्मानेच येते काय? उत्तरात आठ कारणे आली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक. आठांत एक. 'दुसऱ्याने केलेला आघात' हे कारण ज्या यादीत स्वतंत्रपणे आहे, ती यादी गावकुसाबाहेरच्या माणसाला पाठ असायला हवी होती.

पण हिशेब इथे थांबवला, तर तो सोयीचा होईल. साखळी मालकीबरोबर चालते, आणि थोडीथोडी मालकी आता आमच्याकडेही आली आहे. नोकरी, फ्लॅट, समितीतले पद, व्यासपीठावरची खुर्ची, आणि लेखकाला पुरस्कार. मच्छरिय आमच्यातही शिरले आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले झाली, ती सगळीच्या सगळी बाहेरच्यांनी केली काय? वस्तीतून निघून गेलेला मास्तर वस्तीला गरजा कमी करायला सांगतो, तेव्हा तो कोणत्या कडीवर उभा असतो? हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. आणि म्हातारपण, पोर दगावणे, मरण ही दुःखे समतेच्या राज्यातही राहणारच. तृष्णा हा शब्द टाकून देणाऱ्यांकडे त्यांना द्यायला काही उरत नाही.

धम्मपदात भुकेला सर्वांत मोठा रोग ठरवणारी एक गाथा आहे. अट्ठकथेत तिची हकीगत दिली आहे. आळवी गावात बुद्ध आले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, उपाशीपोटी, तो उशिरा सभेत पोचला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले. त्याचे खाणे होईपर्यंत सगळी सभा थांबली आणि मगच उपदेश झाला. ही कसली रीत, म्हणून काही भिक्षू कुरकुरले, असेही तिथे नमूद आहे.

आमच्या विहारातले प्रवचन त्या रात्री साडेनऊला संपले. ती बाई जेवून आली होती की कामावरून थेट, हे कोणी विचारले नव्हते. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो.