कादंबरीतला दुष्काळ

मराठी ग्रामीण कादंबरीत दुष्काळ येतो तो बहुधा आभाळातून. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाऊस पाठ फिरवतो, मेंढरे मरू लागतात, धनगर बिऱ्हाडे उचलून निघून जातात आणि वाडीतली शाळा ओस पडते. त्या वाडीचा सारा संसार पावसावर आणि मेंढरांवर. तेव्हा तिथे दोष आभाळाकडे जातो, यात खोटे काही नाही. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे त्या ओस शाळेचे दुःख मला अंमळ अधिकच कळते. पण ते चित्र इतके साधले, की दुष्काळ म्हणजे एवढेच, असे पुढे पुष्कळांनी धरून चालले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पाऊस कमी झाला होता, हे खरेच. परंतु त्याच मराठवाड्यात ऊसही लावला जात होता आणि साखर कारखानेही होते. राज्याच्या पिकाखालील जमिनीपैकी दहा टक्क्यांहूनही कमी जमीन व्यापणारा हा ऊस सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पितो.

मग शेतकरी ऊस लावतो कशाला? लोभाने, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. ज्वारी-तुरीला हमीभाव जाहीर होतो; त्या भावाने घेणारा भेटेलच असे नाही. लेकीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस कशाकडे वळेल? जमीन ज्याची, तिच्या पोटातले पाणी त्याचे, ही समजूत तर इंग्रजी अमदानीपासून मुरलेली. ज्याची ऐपत तो खोल बोअर घेतो. शेजारच्या गरिबाची विहीर आटते. मग तोही कर्ज काढून आणखी खोल जातो. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणानेच वागतो आणि सगळ्यांचे मिळून पाणी संपते.

येथेच आमच्या कादंबरीची अडचण होते. तिला खलपुरुष लागतो: सावकार, पुढारी, नाही तर आभाळ. सदानंद देशमुखांनी ‘बारोमास’मध्ये (२००२) शेतकऱ्याची दैना कर्जाच्या आणि बाजारभावाच्या हिशेबात आणून दाखवली, हा मोठाच पल्ला होय. परंतु सोसणारा माणूसच नाइलाजाने आपल्या हातांनी जमिनीचे पोट रिकामे करतो, हे दाखवणे ही त्याच्या पुढची पायरी आहे.

असे लिहिले तर शेतकऱ्यावर ठपका येईल, अशी भीती काहींना वाटते. मला ती पटत नाही. भला माणूस वाईट व्यवस्थेत काय करून बसतो, हे समजुतीने दाखवणे म्हणजे ठपका ठेवणे नव्हे. सरकारी अहवालात पाण्याची पातळी सापडते. बोअरची गाडी दाराशी आल्यावर त्या घरात रात्री काय बोलणे झाले, ते सापडत नाही. ते लिहिणे कादंबरीकाराचे काम आहे.