‘तुम्ही’ कोण आणि ‘ते’ कोण?

संस्थांची संकेतस्थळं साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. पण तो मजकूरच असतो, आणि मजकुराला विचारायचा पहिला प्रश्न त्यालाही विचारता येतो: लिहिणाऱ्याने वाचक कोण धरला आहे? भिवंडीत दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचं संकेतस्थळ मी या प्रश्नासकट वाचलं. तिचं नाव घेत नाही. अशी स्थळं पुष्कळ आहेत.

वाचलं म्हणजे ऐकलं. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक असतो. तो सुरू करून, धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट पाहत, पडद्याकडे न बघता मी एकेका गोष्टीवर बोट फिरवत गेलो. पहिल्या छायाचित्रावर आवाज म्हणाला, ‘इमेज’. दुसऱ्यावरही तेच. चित्रामागे जोडायचा पर्यायी मजकूर कुणी लिहिलेलाच नव्हता. एका चित्राला मात्र होता: ‘अंध मुलगा’. तो काय करतो आहे, कुठे आहे, काहीच नाही. ‘पांढरी काठी घेतलेला मुलगा शाळेच्या पायऱ्या उतरतो आहे’ असं लिहिलं असतं, तर तो माणूस म्हणून समोर आला असता. ‘अंध मुलगा’ ही नुसती चिठ्ठी आहे.

मग भाषा पाहिली. ‘तुमची मदत त्यांचं आयुष्य बदलू शकते.’ ‘तुम्ही’ म्हणजे देणगीदार, ‘ते’ म्हणजे दिव्यांग. सगळा मजकूर याच सर्वनामांवर उभा आहे, आणि रचनाही त्यांना इमानदार आहे. देणगीचं बटण आवाजाने स्वच्छ वाचलं. मदतीसाठीचा अर्ज मात्र कागद स्कॅन करून चढवलेला. तिथे आवाज गप्प. ज्याला द्यायचं आहे त्याला दार आहे, ज्याला मागायचं आहे त्याला नाही. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आलं, वाचक तोच राहिला.

संस्थेच्या चित्रफितीला अक्षरपट्टी नाही. नाक्यावरच्या हॉर्नांत मला एक शब्द कळला नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणाऱ्यालाही कळणार नाही, बहिऱ्या माणसाला तर नाहीच.

कायदा याबाबत मुका नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 42 वं कलम माहिती आणि संपर्काच्या साधनांबद्दलच आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान 4.5 पट असावा, इथवर मोजमाप आहे. हे यंत्र तपासतं. पर्यायी मजकूर आहे की नाही, हेही तपासतं. पण ‘अंध मुलगा’ एवढं लिहिलं तरी यंत्र ते पास करतं. तिथे संपादकच लागतो.

छोट्या संस्थांकडे पैसा नसतो, हे खरं. पण वार्षिक अहवालावर शुद्धलेखनाचा हात फिरवणारं कुणीतरी प्रत्येक संस्थेत असतं. त्याच माणसाने चित्रांमागची वाक्यं लिहावीत, अर्ज युनिकोडमध्ये टंकावा, आणि छापण्याआधी तो संस्थेत येणाऱ्या एखाद्या अंध व्यक्तीकडून भरून घ्यावा. ती जिथे अडेल, तिथे मजकूर दुरुस्त करायचा.