विशेषणविपर्यय आणि 'कोरडवाहू शेतकरी'

'झोपाळू दुपार' असे आपण म्हणतो तेव्हा पेंग दुपारला नव्हे, माणसाला आलेली असते. विशेषणाने व्याकरणदृष्ट्या एका नामाशी जडावे आणि अर्थदृष्ट्या दुसऱ्याचे वर्णन करावे, यास विशेषणविपर्यय म्हणतात. कवीने तो योजला तर प्रतिभा, शेतकऱ्याच्या तोंडी आला तर केवळ रूढी, असा भेद आपल्या प्रबंधांतून गृहीत धरलेला आढळतो. तो आम्हांस मान्य नाही. मम्मटानेही लक्षणेचा विचार करताना रूढी आणि प्रयोजन या दोहोंस स्थान दिलेच आहे.

जालना जिल्ह्यातील नित्याचे शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. मात्र येथे सरसकटपणा नको. पुनर्वसूच्या पावसास 'तरणा' आणि पुष्याच्या पावसास 'म्हातारा' म्हणतात, तो चेतनारोप होय. तेथे विशेषण पावसाचेच असते. 1972 च्या अवर्षणात निघालेली 'दुष्काळी कामे' म्हणजे दुष्काळानिमित्तची कामे. तेथे ईकार संबंध दाखवितो, विपर्यय नव्हे. 'कोरडवाहू शेतकरी' या प्रयोगाची गोष्ट निराळी. कोरडवाहू असते ती जमीन. विशेषण मात्र तिच्या धन्यास लागले.

यावर एक आक्षेप संभवतो. 'लढाऊ' या शब्दात ऊकार कर्त्याचा, तर 'टाकाऊ' या शब्दात कर्माचा बोध करतो. तेव्हा कोरडे रान वाहतो तो कोरडवाहू, असा विग्रह का करू नये? करावा, पण मग 'कोरडवाहू जमीन' हाच विपर्यय ठरेल. एक संक्रमण कोठे तरी मानावेच लागते. ते सहसा ध्यानात येत नाही, याचे कारण रूपात आहे. 'आंधळी कोशिंबीर' या खेळात डोळे मुलाचे बांधले तरी विशेषण स्त्रीलिंगीच राहते आणि विसंगती कानास जाणवते. 'कोरडवाहू' हे अविकारी विशेषण. जमिनीवरून माणसावर येताना त्याचा एक स्वरही बदलत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या प्रतियोगी शब्दात आहे. पाणी असलेल्याला आपण 'बागायत शेतकरी' क्वचितच म्हणतो. तो 'बागायतदार' असतो. 'दार' हा प्रत्यय त्यास बागायतीचा स्वामी ठरवितो, बागायतीचा गुण त्याच्या अंगी चिकटवीत नाही. कोरडवाहू शेतकऱ्यास हे अंतर लाभत नाही. रानाची उणीव तीच त्याची ओळख होते. ग्रामीण कथेवर लिहिताना 'कोरडवाहू मन', 'कोरडवाहू आयुष्य' असे शब्द सहज लिहिणाऱ्या समीक्षकाने एवढे तरी पाहावे की, आपण अलंकार योजीत नसून एक जुना अन्याय पुढे चालवीत आहोत.

पैठणचे जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झाले आणि त्याचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गेला. कालव्याचे पाणी ज्याच्या बांधापर्यंत पोचले, तो त्याच देहाने, त्याच नांगराने बागायतदार म्हणविला जाऊ लागला. उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादेत हा कालवा पोचत नाही.